पेज खाण्यात धरत नाहीत

सकाळच्या वेळी कुणी सहज विचारलं, "काही खाल्लंत का?" तरी अजून मी दचकते. लोक प्रेमाने विचारतात. मी मात्र उत्तर न देता तशीच उभी राहते आणि समोरच्याला वाटतं, बाईंना आता ऐकू कमी येतं. कानांना काही झालेलं नाही. त्या एका प्रश्नापायी मी काय करून बसले ते इथे लिहायचं आहे, आणि लिहिताना स्वतःला सोडायचं नाही असं ठरवलं आहे.

माझी निम्मी हयात रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी 'बाई'. निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने मी भाट्याच्या किनाऱ्यावर पुळणीत सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या, कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली आणि घरातल्या माणसांना इतकं शिकवलं की शेवटी नवऱ्यानेच एक दिवस वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्यापुढे ठेवली. मधुमेहाच्या एका प्रकल्पाला स्थानिक माणूस हवं होतं. शिकलेलं, लोकांत मिसळणारं आणि इथली बोली जाणणारं. शेवटची अट वाचली आणि मी पदर खोचला. इथली बोली माझ्याइतकी कोण जाणणार?

प्रकल्प सरकारी पैशाचा होता. मंजुरीच्या पत्रात 'संशोधनाचे प्रत्यक्ष उपयोजन' असं भारदस्त लिहिलं होतं. पुण्याहून आलेल्या डॉक्टर मॅडमनी त्याचा अर्थ सोपा करून सांगितला. साखर कशी आटोक्यात ठेवायची हे शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत कधीच सिद्ध झालेलं आहे, पण ते तिथल्याच कागदांत पडून राहतं, खेड्यातल्या माणसापर्यंत पोचत नाही. ते पोचवायला सरकारने तीन वर्षांचा निधी दिला होता. पद्धतही साधी. दर महिन्याला उपाशीपोटी बोटाला टोचून रक्त तपासायचं, आकडा बघून तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी कमी-जास्त करायची, आणि मी घरोघर जाऊन पथ्य समजावायचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणीसुद्धा मूळ प्रस्तावात होती म्हणे, पण ती वरच्या कुठल्यातरी टेबलावर गळाली. थेंब तपासायच्या पट्ट्या तेवढ्या मंजूर झाल्या. म्हणजे सकाळच्या त्या एका थेंबावर माणसाची गोळी ठरणार होती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, आपल्याच कराचा पैसा कधी नव्हे तो आपल्या माणसांच्या बोटापर्यंत येतो आहे.

गाव निवडलं होतं लांज्याच्या अलीकडचं, हमरस्त्यापासून आत, कातळाच्या कडेने पसरलेलं. ते माझं आजोळ निघालं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मामेभाऊ मुंबईला, घरात मामी एकटी. तिला साखरेचा त्रास जुना. मी तिला फोन करून सांगितलं की आता दर महिन्याला तुझी तपासणी मीच करणार. ती म्हणाली, बरं झालं, त्या निमित्ताने तरी तुझं तोंड दिसेल.

आता त्या शब्दाकडे येते. प्रश्नावली इंग्रजीत होती आणि मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. दुसराच प्रश्न असा होता, 'गेल्या आठ तासांत तुम्ही काही खाल्लं किंवा प्यायलं आहे का?' मी तो नीट मराठीत केला. पहिल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात रांग लागली आणि ज्याला विचारावं तो म्हणे, हो, प्यायलोय. काय? तर पाणी. मग पाणी चालतं हे मी प्रत्येकाला समजावत बसले. रांग देवळाच्या पायऱ्या उतरून पाणंदीपर्यंत गेली, उन्हं चढली, म्हातारी माणसं कुरकुरू लागली. नाकावर राग तर माझ्या कायमचाच. दुपारी मी मॅडमना म्हटलं, ते 'प्यायलं' काढून टाकू, नुसतं 'खाल्लं' ठेवू. चहाचं मी तोंडी विचारीन.

 चालेल ना, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के. "तुम्ही इथल्या आहात, तुम्हाला जास्त कळतं," त्या म्हणाल्या. आणि मुलांच्या निबंधातला फालतू शब्द खोडावा तसा मी तो शब्द लाल पेनाने खोडला. मला त्या दिवशी स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, हे लिहायलाच हवं.

त्यानंतर रांग भराभर सरकू लागली. काही खाल्लंय? नाय. चहा? नाय ओ बाई. मी खूण करी, बोट पुसून टोची, यंत्रावर आकडा येई. आणि आकडा बघून माझे डोळे पांढरे होत. उपाशीपोटी एवढी साखर? जवळजवळ प्रत्येकाची? मी लोकांवर करवादायला लागले. रात्री काय हादडलंत, कुणाच्या लग्नाला गेला होतात, असं भर सभामंडपात विचारी. माणसं बिचारी खाली मान घालून उभी राहत. मामीची साखर तर दर खेपेला वरच. ती शपथेवर सांगे की रात्री अर्धी भाकरी आणि कुळथाचं पिठलं, दुसरं काही नाही. माझा विश्वास बसेना. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात शिरून फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले. लाडू नाहीत, गूळ नाही, एका डब्यात नुसती आमसुलं. मामी दाराशी उभी राहून बघत होती. मी डबे परत लावले आणि तिला म्हटलं, शेजारी जाऊन खात असशील. 

डॉक्टरांनी आकडे बघून गोळ्या वाढवल्या. मामीची एकदा वाढली, मग पुन्हा वाढली. गावात कितीतरी जणांची तशीच वाढली. पुढच्या महिन्यात आकडा थोडा उतरे, मग गोळी लागू पडली असं आम्ही म्हणत असू. तरी तो हवा तेवढा काही उतरेना. मॅडम मात्र वेगळ्याच कारणाने हुरळल्या होत्या. पहाटे शरीर आपणहून साखर सोडतं, असा एक प्रकार असतो, तो इथल्या लोकांत फारच ठळक दिसतो आहे, असं त्यांचं मत झालं. कोकणी माणसाची पहाटेची साखर! त्यांनी आलेख काढले, मला दाखवले. दुसऱ्या टप्प्याचा निधी मागायचा तो याच्यावरच, असं ठरलं. मीही घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आम्हाला बहुतेक काहीतरी नवीन सापडलं आहे. तो म्हणाला, हवेत काहीतरी असेल.

त्या गावात माझा सगळ्यात लाडका पेशंट म्हणजे पोस्टमनकाका. नोकरीतून निवृत्त, घरामागे काजू-आंब्याची छोटी बाग, घरात नवरा-बायको दोघंच. अख्खी नोकरी पायी टपाल वाटण्यात गेल्यामुळे सांगितलेली गोष्ट ठरल्या जागी पोचवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी काही सांगितलं की ते खिशातून छोटी वही काढून लिहून घेत. रोज अर्धा तास चालायचं म्हटलं, तर ते घड्याळ लावून गावाबाहेरच्या सड्यावर चालत. गोळी सकाळी सातला म्हटलं की सातला. इतर लोक कुरकुर करायला लागले की मी म्हणे, जरा काकांकडे बघा. तरी त्यांचाही आकडा वर. दोनदा गोळी वाढली. ते माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने बघत, आणि मला वाईट वाटे. एकदा त्यांनी हळूच विचारलं, बाई, माझं अजून काय चुकतंय? मी म्हटलं, भात. तुमचं सगळं चांगलं आहे, पण भात फार होतोय. तांदळाचा म्हणून जो जो पदार्थ असेल तो कमी करा. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्याच थंडीत ते गेले. सकाळी बागेत शिंपण करायला म्हणून गेले, ते दहा वाजले तरी परत आले नाहीत. बायको बघायला गेली तर कलमाच्या आळ्यात पडलेले, अंग घामाने भिजलेलं. लांज्याहून गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वय झालेलं होतं, साखर होती, हार्टचंच असणार असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हटलं आणि प्रकल्पाच्या कागदावर तसंच लिहिलं. बाराव्याला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने माझा हात धरून सांगितलं की तुमच्यावर फार विश्वास होता त्यांचा. मी रडले. खरंच रडले.

मग पुढच्या महिन्यात मामीला डोळ्यांच्या तपासणीसाठी रत्नागिरीला न्यायचं ठरलं. मी आदल्या दिवशी मुक्कामाला गेले. मामीला एसटीत उलटी होते, म्हणून प्रवासाच्या दिवशी ती पोटात काही ठेवत नाही. त्या सकाळी तिने चूल पेटवलीच नाही. माझ्यासाठी गॅसवर कपभर चहा केला, स्वतःची गोळी पाण्याबरोबर घेतली, गोळी घेतली बरं का, असं मला मुद्दाम दाखवून सांगितलं, आणि आम्ही सात वाजता फाट्यावर येऊन उभ्या राहिलो. गाडी उशिरा आली. सीटवर बसल्यावर अर्ध्या तासाने मामी मला म्हणाली, गो, मामांना खिडकीपाशी बसव. मामा जाऊन किती वर्षं झाली होती! मला वाटलं झोपेत बोलते आहे. मग बघते तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब, पोलकं पाठीवर चिंब, हात थरथरतायत. मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती.

यंत्र माझ्या पिशवीत होतं. चालत्या गाडीत मी तिचं बोट टोचलं. आकडा पन्नाशीच्याही खाली आला. मी पट्टी फेकून दुसरी घेतली. पुन्हा तेच. ज्या बाईची साखर वर्षभरात एकदाही खाली आली नव्हती, ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून विझत चालली होती, आणि माझ्या पिशवीत साखरेवरचे तक्ते होते, पत्रकं होती, सगळं होतं, फक्त साखर नव्हती. मी ओरडले. कुणाकडे काही गोड आहे का, असं ओरडले. मागच्या सीटवर बुरखा घातलेली एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिने काही न विचारता लेकराची कोकम सरबताची बाटली माझ्या हातात दिली. कंडक्टरने गाडी थांबवली. मी मामीच्या ओठांना बाटली लावून घोटघोट पाजत राहिले. पहिले दोन घोट गालावरून ओघळून गेले. तिसरा तिने गिळला. किती वेळ गेला कोण जाणे. मामीने डोळे उघडून आजूबाजूला बघितलं आणि पोलक्यावर सांडलेलं सरबत पुसायला लागली. 

रत्नागिरीत ओळखीच्या डॉक्टरांकडे तिला झोपवलं. सलाईन चालू होतं. ती बरी बोलत होती, उलट मलाच धीर देत होती. मी तिला विचारलं, आज एवढं काय झालं, रोज तर तू उपाशीपोटी गोळी घेतेस.

"आज पेज नाय ना प्याले," ती म्हणाली.

"म्हणजे रोज पितेस?"

"मंग? उठल्याबरोबर वायच पेज नाय प्याली तर हातपाय कसे चालायचे?"

"तपासणीला येतेस त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशी पन. तू इचारतंस खाल्लंस काय, मी सांगते नाय. खाल्लेलं नसतंच गो बाय. पेज काय खानं हाय?"

 मी तिथल्या स्टुलावर बसले. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर, पहाटे सहाला भरलेला वाडगा. आणि साडेसातला आम्ही सगळ्या गावाचं बोट टोचत होतो. कोकणी माणसाची पहाटेची साखर म्हणजे ती. आमचा शोध.

सगळ्यात भयंकर गोष्ट मला थोड्या वेळाने आठवली. ही गोष्ट मला माहीत होती. मे महिन्यात आजोळी राहायला आले की सकाळी मी पडवीत बसून तीच पेज प्यायची आणि वाडगा खाली ठेवता ठेवता याच मामीला म्हणायची, भूक लागली, काहीतरी खायला दे. मी स्वतः पेज खाण्यात धरत नव्हते. कुणी विचारलं असतं तर मीही छातीठोकपणे सांगितलं असतं की काही खाल्लं नाही. शहरातल्या चहा-टोस्टने माझं ते सगळं पुसून गेलं होतं, आणि मी इथली म्हणून माझ्या शब्दावर प्रकल्प चालला होता.

मॅडमना मी तिथूनच फोन केला. आधी त्यांना कळेचना.  त्यांच्याबद्दल मला खोटं लिहायचं नाही. कळल्यावर त्यांनी त्याच तासाला डॉक्टरांना गाठलं, वाढवलेल्या गोळ्या खाली आणायला सांगितल्या, आणि मी पुढच्या दिवशी पहाटेची गाडी पकडून गावात गेले. दोन दिवस घरोघर फिरले. या खेपेला मी नीट विचारलं. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा, पहिल्या घोटापासून सांगा. सगळ्या घरांत पेज होती. एकीने तर माझ्यासमोर वाडगा भरून ठेवला आणि म्हणाली, आधी ही प्या, मग काय ते बोलू. दोघातिघांना मधूनमधून चक्कर येत होती, घाम फुटत होता. कुठल्या दिवशी, असं विचारलं तर एकादशीला, किंवा गावाला गेलो त्या दिवशी. ते साखरेमुळेच होतंय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून ते माझी गोळी जास्तच नेमाने घेत होते. प्रत्येक घरातून निघताना मी पायरीवर क्षणभर बसत होते, कारण पुढच्या घरी काय ऐकायला मिळेल याची मला धडकी भरली होती.

एका घरी मी गेले नाही. मोठ्या झाडाखालून त्या घराची वाट फुटते, तिथपर्यंत जाऊन दोन्ही दिवस परत फिरले. मी मनाशी हिशेब लावून टाकला होता. पोस्टमनकाका शिस्तीचे, सगळं घड्याळावर करणारे. पेज रोज पीत असणार. पेज पोटात असेल तर गोळीने तसं काही होत नाही. म्हणजे त्यांचं हार्टचंच. असं मी स्वतःला कितीदा सांगितलं त्याला गणती नाही.

आठवड्याने आढावा बैठक होती. निधी देणाऱ्या समितीचे लोक येणार होते आणि दुसरा टप्पा त्यावर ठरणार होता. आदल्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या की गोळ्या तर आपण दुरुस्त केल्या, आता समितीपुढे शब्द जपून वापरू. आकड्यांत काही त्रुटी आढळल्या, एवढंच म्हणू. त्या स्वतःसाठी बोलत नव्हत्या. निधी थांबला तर पट्ट्या थांबतील, गोळ्या थांबतील, आणि हे गाव पुन्हा जिथल्या तिथे जाईल, ही त्यांची भीती खरी होती. मी हो म्हटलं. रात्रभर त्या 'त्रुटी' शब्दाशी भांडले आणि सकाळी बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. कुठला शब्द खोडला, कुणी खोडला, का खोडला.  समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, पेज म्हणजे नक्की काय? मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरा टप्पा पुनर्विचारासाठी ठेवला आहे असं महिन्याभराने पत्र आलं, ते अजून तसंच आहे. मॅडम माझ्याशी नीट बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. मला ते मान्य आहे.

बैठकीनंतर मला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चारचौघांत मी सगळं कबूल केलं होतं आणि एका घराच्या वाटेवरून दोनदा परत फिरले होते, हे मला ठाऊक होतं. मग मी गेले. काकांची बायको अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मला बघून तिने पाट मांडला, पाणी दिलं, मामीची चौकशी केली. मी पाणी प्यायले आणि एवढंच विचारलं की काका सकाळी पेज पीत होते ना.

"पीत हुते ओ," ती म्हणाली. "जल्मभर प्याले. पन तुमी भात कमी करा म्हनलात ना, तवा सोडली. माला म्हनाले, पेज म्हंजे तांदूळच की. गेले त्याच्या पंधरा दिस आधी सोडली. माझा जीव तुटायचा. उपाशी पोटी बागेत जायचे. पन आयकायचे नायत. गोळी मात्र एक दिस चुकवली नाय."

म्हणजे साऱ्या गावात पेज म्हणजे खाणं हे एकट्या त्यांनी ओळखलं होतं. आणि मी त्यांना सांगितलेलं त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत पाळलं होतं.

तिला काही सांगितलं नसतं तर तिला कधीच कळलं नसतं. कुणी विचारणारही नव्हतं. कागदावर हार्ट लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं. पण ती माझ्याकडे इतक्या आपुलकीने बघत होती की मला ते सहन होईना. मी सांगितलं. गोळी कशी वाढली, का वाढली, मामीला एसटीत काय झालं, घाम का येतो. काकांचं तेच झालं असेल का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण झालं असेल, असं सांगितलं.   तिच्या हातातल्या बिया तशाच मुठीत राहिल्या होत्या.

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. वर्गात एखादी न समजलेली गोष्ट पोरं विचारतात तशी ती विचारत होती, आणि बाई उत्तर देतील अशी तिची खात्री होती.

"मंग बाई," ती म्हणाली, "त्यांनी तुमचं आयकायला नको हुतं काय?"